शिंपले, करवंटी आणि असोला नारळ

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले येतात. विकतची शैक्षणिक खेळणी परवडत नाहीत. हाताने करून शिकण्याचे कोणते खेळ घेता येतील? – एक अंगणवाडी सेविका

उत्तर : बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये पालघर जिल्ह्यातील बोर्डीच्या किनाऱ्यावर बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा भोवतालच्या वस्तूंनाच त्यांनी साधन मानले, आपल्यालाही तोच मार्ग सोयीचा आहे. शिंपले गोड्या पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून आणि फुटक्या, धारदार कडांचे वेगळे काढून मुलांपुढे ठेवावेत व त्यांना हवे तसे गट करू द्यावेत. कोणी रंगावरून गट करील, कोणी खरखरीतपणावरून; ‘हे दोन एकत्र का ठेवलेस?’ एवढेच विचारावे, कारण खरा विचार त्या उत्तरात दिसतो. आपला गट मुलांवर लादण्याचा मोह मात्र आवरावा, आणि तो फार होतो!

करवंटीने पाणी मोजून एका उंच व एका पसरट भांड्यात सारखेच ओतावे. चार वर्षांचे मूल बहुधा उंच भांड्यातले पाणी जास्त आहे असे म्हणेल. त्याला चूक न ठरवता पुन्हा ओतू द्यावे. असोला, म्हणजे न सोललेला नारळ पाण्यावर तरंगतो आणि चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) लहान तुकडा बुडतो, हेही आधी अंदाज विचारून मगच दाखवावे. चिंचोके आणि कोकमाच्या बिया मात्र धाकट्यांच्या हाती देऊ नयेत, कारण त्या नाकातोंडात जातात.