विश्वामित्रीत मगरी जगतात, मग ऑक्सिजनसाठी लिमिट कशाला?

तुम्ही विचारलंय की बडोद्याच्या विश्वामित्री नदीत एवढ्या मगरी आहेत म्हणजे पाण्यात ऑक्सिजन असणारच, मग सांडपाण्यावर लिमिट कशाला आणि ती ठरवतात तरी कशी.

अहो, मगर नाक बाहेर काढून हवा घेते, फुप्फुसं आहेत तिला, पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनशी तिचं काय देणंघेणं? माशाला विचारा. मी केमिस्ट्रीला असताना दांडिया बाजारातून सायकल हाणत काळ्या घोड्याजवळच्या पुलावर जायचो आणि दोरीला बांधून सॅम्पलर खाली सोडायचो, तेही पहाटे, कारण दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळे नुसते खातात, म्हणून सूर्य उगवायच्या आधी आकडा सगळ्यात खाली असतो. (दुपारी सॅम्पल घेतलं की रिपोर्ट आपोआप गोड येतो!) बाटलीत दोन केमिकल टाकली की ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. एका नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत तो पांढराफटक बसला, म्हणजे शून्य. सरांनी बाटली उजेडात धरली आणि नुसतं "हं" केलं.

आता लिमिट. 30 डिग्रीला अगदी स्वच्छ पाणीसुद्धा लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन धरतं, आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गीकरणात मासे नि वन्यजीवांसाठी निदान 4 लागतो, म्हणजे खर्चायला उरले फक्त साडेतीन. शिवाय ऑक्सिजनचा खड्डा, म्हणजे तो सगळ्यात खाली जातो ती जागा, नाल्यापाशी पडत नाही, जीवाणू घाण खात खात जातात तसा बराच खाली पडतो. त्या खड्ड्यातही 4 टिकेल असं धरून, नदीला सगळ्यात कमी पाणी असतं त्या दिवसांवरून उलटा हिशोब करायचा.

घोळ इथेच आहे. जनरल नियमात बीओडी (घाण खाताना जीवाणू जेवढा ऑक्सिजन वापरतात तो) लिटरमागे 30 मिलिग्रॅम, म्हणजे रोज 1 कोटी लिटर सोडलं तर 300 किलो, आणि 2 कोटी सोडलं तर 600, तरी दोघेही पास! 30 चं 3, म्हणजे त्या साडेतीनच्या आत, करायला नऊपट स्वच्छ पाणी लागतं, ते मे महिन्यात आणायचं कुठून? म्हणून माझं मत, लिमिट किलोत हवी, आणि अमोनियाचीही, कारण 1 मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन गिळतो.

आरटीआयने रिपोर्ट मागवलात तर सॅम्पल किती वाजता घेतलं आणि फ्लो किती होता, हे दोन कॉलम आधी बघा.