पोराच्या मागे लागू नका, मोल्ड वसईत अडकलाय तिकडे बघा

चारकोपच्या एका गाळेवाल्या दादांचं पत्र आलंय. ते ल्यूर बनवतात, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्या गरवणाऱ्यांसाठी नकली मासे, प्लॅस्टिकचं अंग, आत खुळखुळणाऱ्या टंगस्टनच्या गोळ्या, खाली दोन ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचे गळ. कोचीच्या डिस्ट्रिब्युटरची ६,००० नगांची ऑर्डर होती, २४० रुपये नग, १५ जानेवारीपर्यंत द्यायची. हुक आणि गोळ्यांसाठी मस्जिद बंदरच्या इंपोर्टरला ऑक्टोबर २०२५ मध्ये ३,४०,००० ॲडव्हान्स दिला, माल आला नाही. इकडून तिकडून गोळा करून १,८०० नग ६ फेब्रुवारीला पोचवले. त्यात संक्रांतीच्या आठवड्यात एअरब्रशवाला पेंटर सोडून गेला, वसईचा मोल्डर ६२,००० थकले म्हणून मोल्ड, म्हणजे ल्यूरचं अंग ज्यातून निघतं तो साचा, धरून बसलाय आणि डिस्ट्रिब्युटर म्हणतो पेनल्टीचे २,८८,००० कापल्याशिवाय एक रुपया सोडणार नाही.

पाच पानी पत्र आहे दादा, आणि त्यातली साडेतीन पानं त्या पेंटर पोरावर. मी दोनदा वाचलं. मोल्डवर सहा ओळी, ॲडव्हान्सवर चार. राग समजतो हो, हाताला धरून शिकवलेलं पोर समोरच्याकडे गेलं की लागतंच मनाला, पण तुमचे पैसे त्या पोराकडे नाहीयेत. उलट त्याचेच तुमच्याकडे आहेत. म्हणून आधी त्याचंच उरकून टाकते.

तुम्ही त्याचा शेवटचा पगार, २२,००० रुपये, ठेवून घेतलाय आणि दहावीचं ओरिजिनल सर्टिफिकेटही ड्रॉवरमध्ये आहे. दोन्ही परत करा, या आठवड्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय, त्यात कामगार स्वतःहून सोडून गेला तरी हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. पगारातून काय काय कापता येतं त्याची यादी कायद्यातच आहे, नोकरी आधी सोडली तर भरायच्या बाँडची रक्कम त्या यादीत नाही. त्याने तक्रार केली तर अधिकारी मूळ रकमेवर दहापटीपर्यंत नुकसानभरपाई लावू शकतो, म्हणजे २२ हजारांसाठी २ लाख २० हजारांची रिस्क घेऊन बसलायत तुम्ही. सर्टिफिकेट ठेवायचा तर कुठलाच हक्क नाही. आणि गरवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो टाकून खाली "चोर" लिहिलंत, ते आत्ता उठून डिलीट करा, पुढचं नंतर वाचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, बदनामी. चोरी काय केली त्याने, स्वतःचे हात घेऊन गेला.

आता बाँड. दोन वर्षं काम, आधी सोडलं तर १ लाख, पोराने आठ महिन्यांत सोडलं. बाँड म्हणजे रद्दी असं सरसकट सांगतात ते खरं नाही, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांची अट आणि २ लाखांची रक्कम योग्य ठरवली. पण ती सरकारी बँक, भरतीची जाहिरात, परीक्षा, सगळा खर्च कागदावर. तुमच्याकडे कागदावर काय आहे? तुम्हीच लिहिलंय की शिकवायला रिजेक्ट झालेले तीनेकशे पीस दिले आणि थोडा पेंट गेला. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, मिळणार ते वाजवी तेवढंच. माझ्या मते पंधरा-वीस हजारांच्या वर काही हाती लागणार नाही आणि वकिलाची फी त्याहून जास्त होईल, मी वकील असून सांगतेय. त्याला नव्या मालकाकडे जाण्यापासून अडवायचं म्हणाल तर आपल्या कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनची १९६७ ची गोलिकरी केस आहे, कोर्टाने अडवलं होतं, पण तिथे पाच वर्षांच्या कराराची मुदत चालू होती, त्या काळात दुसरीकडे काम करणार नाही असं करारात स्पष्ट लिहिलेलं होतं आणि हॉलंड-जर्मनीच्या कंपन्यांकडून आणलेलं तंत्र होतं. तुमच्या बाँडमध्ये दुसरीकडे जाऊ नये असं एक वाक्यही नाही. मासळीच्या पाठीवर आधी काळा मारायचा का आधी सिल्व्हर, ही हाताची कला झाली, ती कोर्ट त्याच्याकडून काढून घेत नाही. संपलं पेंटरचं.

आता मोल्ड. तुम्ही विचारलंय, "चार पोरं घेऊन जाऊन उचलून आणू का?" नको हो! बळजबरीने शिरलात तर आज जो पैशाचा वाद आहे तो उद्या तुमच्यावरची एफआयआर होईल, आणि मोल्ड पोलिसांच्या मुद्देमालात पडून राहील, म्हणजे वसईत होता तो निदान मशीनजवळ तरी होता.

मोल्डर म्हणतो पैसे येईपर्यंत तुझी वस्तू धरून ठेवायचा मला हक्क आहे. अर्धं खरं आहे. करार कायद्याच्या कलम १७० खाली कारागिराला ज्या वस्तूवर त्याने मेहनत केली ती वस्तू मजुरी मिळेपर्यंत ठेवता येते. मग मेहनत कशावर केली? तुमच्या प्लॅस्टिकच्या दाण्यावर. त्यातून निघालेल्या कवच्या त्याने अडवल्या तर मी काही बोलू शकत नाही. पण मोल्ड हे साधन आहे, सगळ्या थकबाकीसाठी मिळेल ते धरून ठेवायचा सरसकट हक्क कलम १७१ मध्ये बँकर, वकील वगैरे मोजक्याच लोकांना दिलाय, मोल्डर त्यात नाही. तसा वेगळा करार झाला असेल तरच, आणि तुम्ही म्हणता लेखी काहीच नाही.

पण त्याच्या बिलाचा जो फोटो तुम्ही पाठवलात तो मी मोठा करून बघितला. वरून तिसरी ओळ, "मोल्ड पॉलिश, एक पिन बदलली, ६,५००". ही मेहनत मोल्डवरच झालीय ना! म्हणजे या साडेसहा हजारांपुरता त्याचा हक्क खरा आहे. तर ते ६,५०० आजच बँकेतून पाठवा, जीएसटी वेगळा लावला असेल तर त्याच्यासकट, रिमार्कमध्ये बिल नंबर आणि "मोल्ड पॉलिश" असं लिहा, म्हणजे त्याच्या पायाखालची ती एक फळी निघाली. मग नोटीस द्या, मोल्ड सात दिवसांत परत. बाकीच्या ५५,५०० बद्दल वाद आहे का? तुम्ही लिहिलंय की चारशे कवच्यांचे जॉइंट वाकडे आले. ते तेव्हा त्याला लिहून कळवलं होतंत का? नसेल तर तो भाग सोडा आणि पैसे देऊन टाका, कारण तोही उद्यमवाला आहे, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद असलेला, आणि लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांच्या वर गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज तुमच्या डोक्यावर चढतंय.

मोल्ड तुमचाच हे सिद्ध कसं करायचं? टूलमेकरचं १,८५,००० चं टॅक्स इन्व्हॉइस तुमच्या नावावर आहे, छान. वसईला पाठवताना डिलिव्हरी चलन केलं होतं का? जॉब वर्कला माल पाठवताना ते लागतंच. माल एका वर्षात परत यावा लागतो, मोल्ड आणि डायला ही मुदत नाही, म्हणून लोक चलनच करत नाहीत, "टेम्पोत टाकला आणि पाठवला". इथेच फसतात. चलन नसेल तर त्या दिवशीचा व्हॉट्सॲपचा फोटो शोधा, मोल्डच्या प्लेटवर कोरलेला नंबर दिसतोय असा. तो फोन विकू नका, रिसेट करू नका, कोर्टात चॅट द्यायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं. नोटिशीनंतरही ऐकलं नाही तर दावा आणि सोबत तातडीचा अंतरिम अर्ज.

इंपोर्टरकडे येऊ. हा माणूस म्हणतो चीनने टंगस्टनवर बंधनं आणली, माझ्या हातात नाही, फोर्स मेजर. बंधनं आली हे खरं आहे, ४ फेब्रुवारी २०२५. तुमची ऑर्डर कधीची? ऑक्टोबर २०२५! आठ महिने आधी जगजाहीर झालेली गोष्ट अचानक कोसळली असं कसं म्हणणार? करार कायद्याच्या कलम ५६ मध्ये उलटंच आहे, अडचण माहीत असून वचन दिलं तर भरपाई त्यानेच द्यायची. शिवाय ती बंधनं ठरावीक टंगस्टन मालावर आहेत, तुमच्या गोळ्या त्या यादीत बसतात का हे त्याने कागद दाखवून सांगावं. आणि हुक तर जपानी आहेत, त्यांचा चीनशी काय संबंध? नुसता भाव वाढला म्हणत असेल तर सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉगच्या केसमध्ये सांगितलंय की इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून करार सुटत नाही.

आणि समजा त्याचं सगळं खरं धरलं, करार खरंच अशक्य झाला, तरी कलम ६५ प्रमाणे घेतलेला ॲडव्हान्स परत करावा लागतो. म्हणजे करार मोडला म्हणा नाहीतर अशक्य झाला म्हणा, ३,४०,००० ठेवून घ्यायला त्याला वाट नाही. रक्कम ३ लाखांच्या वर आहे म्हणून हा कमर्शियल दावा, थेट कोर्टात जाता येत नाही, आधी कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२अ ची मध्यस्थी, ती सक्तीची आहे. तिथेच बरेच व्यापारी मऊ होतात. तो चेक देईल तर घ्या, बाउन्स झाला तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता तुम्हाला न आवडणारं. इंपोर्टरला जे सुनावलं तेच डिस्ट्रिब्युटर तुम्हाला सुनावणार. माझा सप्लायर बुडाला, माझा पेंटर पळाला, ही कारणं त्याच्यासमोर चालत नाहीत, तो तुमच्या धंद्याचा धोका. उशीर तुमचा झालाय. पण २,८८,००० कुठून आले? १४,४०,००० चे २० टक्के. म्हणजे जे १,८०० नग त्याने ६ फेब्रुवारीला निमूट उतरवून घेतले, पावतीवर शेरा नाही, मेल नाही, त्यावरही पेनल्टी लावली. कलम ५५ म्हणतं की उशिरा आलेला माल घेताना भरपाई मागणार असं तेव्हाच कळवलं नाही तर नंतर मागता येत नाही. तर तो भाग गळतो, आणि उरलेल्या ४,२०० वर पण २० टक्के ही कमाल मर्यादा, त्याचं खरं नुकसान किती झालं ते त्याने दाखवायचं.

त्या १,८०० नगांचे ४,३२,००० मात्र तुमचे आहेत. पीओमध्ये, म्हणजे त्याच्या खरेदीच्या ऑर्डरवर, ६० दिवसांचं क्रेडिट लिहिलंय, पण तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन ऑर्डरच्या आधीचं आहे, त्यामुळे ४५ दिवसांच्या पुढे चालत नाही, २३ मार्चलाच मुदत संपली. वाद एर्नाकुलमच्याच कोर्टात असंही पीओमध्ये आहे, घाबरू नका, छोट्या उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्याच्या कलम १८ खाली सप्लायर जिथला तिथल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं. कोचीला जायची गरज नाही. पण लगेच केस टाकू नका. त्याला अजून माल हवाय, पाऊस लागायच्या आत. मोल्ड सुटला की ४,२०० नगांचं नवं वेळापत्रक मेलवर पाठवा, दोन हप्त्यांत, आणि त्याच मेलमध्ये जुन्या पेनल्टीचं काय ते ठरवून त्याची मान्यता लेखी घ्या. फोनवर "हो हो चालेल" म्हणाला यावर विसंबू नका, मागच्या वेळी तेच झालं ना.

माणसं वाढवताना एक बघा, आता आठ आहेत, घाईत दोन-तीन रोजावर घेतलीत की दहाचा आकडा होतो आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागतो, कंत्राटदाराची माणसंही त्यात मोजतात. आणि असलेल्यांना रविवारी बसवलंत तर ओव्हरटाइम दुप्पट दराने.

शेवटच्या पानावर तुम्ही हळूच लिहिलंय की जिताडा मासा धरण्यासाठी नवीन ल्यूर तयार होतोय आणि पोर त्याची कॉपी करेल. जुन्या मॉडेलचं काही होणार नाही, बाजारात आलेल्या वस्तूचं डिझाइन नंतर रजिस्टर होत नाही आणि पन्नासच्या वर नग काढले की कॉपीराइटही उरत नाही. पण हा नवीन अजून कोणी बघितलेला नाही. अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात किंवा ऑनलाइन डिझाइनचा अर्ज आधी टाका, आकाराचा पण आणि पाठीवरच्या पट्ट्यांचा पण, दहा वर्षं मिळतात, वर पाच वाढवता येतात. अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत त्याचा एकही फोटो इन्स्टावर नको, टाकीत पोहतानाचा व्हिडिओ तर अजिबात नको.