घरातली विडी सुटली, बोटीवरची सुटत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी हर्णैचा, वय ४१, बोटीवर खलाशी आहे. १८ वर्षं झाली विडी ओढतोय, दिवसाला एक बंडल तर संपतंच. यंदा मासेमारी बंदीत २० जूनला मुलीचा वाढदिवस होता, त्या दिवशी सोडली आणि ४० दिवस खरंच एकही नाही ओढली, खोकला कमी झाला, जेवण गोड लागायला लागलं. ऑगस्टात बोट पाण्यात गेली आणि पहिल्याच फेरीत रात्री जाळं टाकून बसलो होतो, बाजूच्याने पेटवून हातात दिली, मी घेतली. आता परत बंडलावर आलोय. बायको धड बोलत नाही, म्हणते तुमच्या शब्दाला काय किंमत. बोटीवर आम्ही ७ जण, सगळेच ओढतात. एक जण सांगतो विडी सोड नि तंबाखू-चुना मळ, त्याने छातीला काही होत नाही. मला एकट्याला जमेल का?

उत्तर : भाऊ, पहिलं म्हणजे ते ४० दिवस वाया गेले असं अजिबात समजू नका. निकोटिन बंद झालं की शरीराला जो त्रास होतो, चिडचिड, झोप न लागणं, कशात मन न लागणं, तो पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत बराचसा उतरतो, म्हणजे अवघड भाग तुम्ही पार केला होतात. मग बोटीवर काय झालं? मला तुमचं पत्र वाचून असं वाटतं की तुम्ही घरातली विडी सोडलीत, धक्क्यावरची सोडलीत, पण बोटीवरची सोडायची वेळच आली नव्हती कारण बोट वर काढलेली होती. ती रात्र, तो डिझेलचा वास, जाळं टाकल्यावरचा मोकळा वेळ, शेजारी तोच माणूस, ह्या सगळ्याला तुमचा हात १८ वर्षं सरावलाय. तेव्हा ह्यावेळी तयारी बोटीची करायची.

आणि ती एकट्याने नाही करायची. तुम्ही तांडेलला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांगितलं होतंत का, की मी सोडलीय? पत्रात तसं दिसत नाही. बरेच जण गुपचूप सोडतात, म्हणजे परत ओढली तरी कोणी हसायला नको, आणि मग समोरचा प्रेमाने विडी पुढे करतो, त्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं. पुढच्या फेरीआधी सगळ्यांना एकदाच सांगा, तुम्ही ओढा, माझं काही म्हणणं नाही, पण मला देऊ नका, मी मागितली तरी देऊ नका. सहाच्या सहा ऐकतील असं नाही. त्यातला एक जवळचा माणूस धरा, आणि त्याला नक्की काय करायचं ते सांगून ठेवा, कारण आत समुद्रात फोनला रेंज नसते, तिथे तोच उपयोगी. तलफ येते ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ त्याने तुमच्याशी बोलायचं, पाणी द्यायचं, कामाला लावायचं. उपदेश नको.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी पाच-सहा वेळा तरी सोडली असेल. आई खिसे तपासायची, आम्ही पोरं टोमणे मारायचो, आणि ते माडाखाली काळोखात जाऊन ओढायचे, हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. मग त्यांच्या गाडीवरच्या कंडक्टरकाकांनीपण सोडायचं ठरवलं. स्टँडला गाडी लागली की दोघं टपरीकडे न जाता गाडीभोवती फेरी मारायचे, टायर बघत बघत. ह्यांना तलफ आली की ते सांभाळायचे, त्यांना आली की हे. तेव्हा सुटली. ‘एकट्याक माका जमला नसता’ असं बाबा अजून सांगतात.

तंबाखू-चुन्याचं ऐकू नका, मिश्रीचंही नाही. निकोटिन तेच, व्यसन तेच, आणि तोंडाचा कॅन्सर त्याने होतो. विडी सिगारेटपेक्षा हलकी हाही गैरसमज आहे, विडी विझू नये म्हणून उलट जास्त झुरके घ्यावे लागतात.

निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागत असेल तर बहुतेक ४ चं लागतं, पण डॉक्टरांना विचारून घ्या, ब्लडप्रेशर किंवा हृदयाचं काही असेल तर नक्कीच. ते साध्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नसतं, झणझणीत चव आली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की परत थोडं चावायचं. आणि आपल्याकडची खास गोष्ट, त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना कोकम सरबत, सोलकढी, चहा-कॉफी काही नको, आंबटाने निकोटिन नीट शोषलं जात नाही. एरवी तोंडात चघळायला कोकमाचं सोल, बडीशेप, आवळकाठी बोटीवर जरूर न्या. धक्क्यावर आलात की १८००-११-२३५६ ह्या सरकारी नंबरवर फोन करा, फुकट आहे, सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो तोच, मराठीतून बोलता येतं.

वहिनी, हे तुम्ही वाचत असाल तर तुमच्यासाठी. तुमचा राग मला कळतो, पैसाही जातो आणि भीतीही वाटते. पण अबोला धरलात की ते पुढची विडी तुमच्यापासून लपवतील. पहिल्या आठवड्यात ते उगाच खेकसतील, ते मनावर घेऊ नका. बोटीवरून आले की ‘ओढलीत का?’ असं न विचारता ‘रात्र कशी गेली?’ असं विचारा, आणि एखादी ओढली गेली असेल तरी ते खरं सांगू शकले पाहिजेत.

प्रश्न : माझा भाऊ मुंबईला असतो, दोन महिन्यांपूर्वी सिगारेट सोडलीय. गणपतीत घरी येणार, इथे आरती झाली की सगळी पोरं मागच्या अंगणात जमतात. मी काय करू? (वेंगुर्ला)

उत्तर : आधी फोन करून त्यालाच विचार, तुला मदत हवीय का आणि कसली. हो म्हणाला तर आरतीनंतरचं प्रसाद वाटायचं काम त्याच्याकडे दे, भजनाला मृदुंग वाजवत असेल तर फारच छान, दोन्ही हात गुंततात. चुलतभावांना तू नको, त्यानेच सांगू दे, नाहीतर बहिणीने वकिली केली म्हणून चिडवतील. रात्री जागरणाला त्याच्या बाजूला बस.