आई रोज टेकडीवर जाते, दूधही घेते. तरी तिची हाडे विरळ का झाली?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा, की ५६ वर्षांच्या तुमच्या आई कित्येक वर्षे रोज पहाटे तळजाईला फिरायला जातात, नेमाने पेलाभर दूध घेतात, आणि तरीही डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत) टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या घनतेशी तुलना करणारा आकडा, उणे १.८ आला; मग आहार-व्यायामाचा हाडांशी काही संबंध आहे की नाही? पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला हे वरचेवर विचारले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

उणे १ ते उणे २.५ या टप्प्याला ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडांची घनता काहीशी कमी असणे, म्हणतात; ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराचे, निदान उणे २.५ पासून पुढे होते. हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंत वाढतो आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्यामुळे पहिल्या काही वर्षांत तो झपाट्याने उतरतो. त्यामुळे आईंचे चालणे वाया गेले असे मुळीच नाही; ते एकटे पुरेसे नव्हते, इतकेच.

हाड स्वतःवर पडणाऱ्या भाराप्रमाणे घडत जाते, हा नियम जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, तर भारहीन अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटू शकते. मात्र तोच भार अंगवळणी पडला, की हाड त्याची फारशी दखल घेत नाही. वर्षानुवर्षे त्याच वाटेने, त्याच गतीने चालण्याची मर्यादा इथे आहे. पोहणे आणि सायकल हृदयासाठी उत्तम, पण शरीराचे वजन पाण्याने किंवा सीटने पेलल्यामुळे हाडांना त्यातून फारसे काही मिळत नाही.

म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर लावणारा व्यायाम हवा. सुरुवातीला मी खुर्चीच्या कडेवर बसवून, हात छातीशी घ्यायला सांगून, कशाचाही आधार न घेता आठ-दहा वेळा उठायला लावते. ते सोपे वाटू लागले, की दोन्ही हातांत एकेक किलो तांदळाची पिशवी देते आणि वजन हळूहळू वाढवते. जोडीला ओट्याजवळ उभे राहून एका पायावर तोल सांभाळायचा, कारण खुब्याचे हाड बहुधा पडल्यामुळेच मोडते. एक सावधगिरी मात्र हवी: घनता कमी असताना पाठ गोल करून पुढे वाकण्याने मणक्यांवर दाब येतो, तेव्हा पश्चिमोत्तानासन किंवा जोरकस सूर्यनमस्कार परस्पर सुरू करू नयेत.

आता आहार. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. २०० मिली दुधातून त्यातले जेमतेम २४० मिलिग्रॅम मिळते, म्हणजे बाकीचे ताटातूनच यायला हवे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. धान्यातल्या फायटेट या शोषण अडवणाऱ्या घटकामुळे ते सगळे अंगी लागत नाही, पण पीठ आंबवून आंबील केली तर शोषण सुधारते. दही, ताक, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी हे सगळे उपयोगी आहे. पालकाचा मात्र फार भरवसा धरू नये, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि शोषण पाच टक्क्यांच्या आसपासच होते. प्रथिनांकडे आपल्या शाकाहारी घरांत सर्रास दुर्लक्ष होते. आमटीचे वरचे पाणी भातावर घेणे म्हणजे डाळ खाणे नव्हे. लोणचे-पापड बेताने, कारण जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही जाते.

पहाटेच्या फेरीतून ड जीवनसत्त्व मिळते हाही गैरसमज आहे. त्यासाठी लागणारे अतिनील ब किरण सूर्य वर आल्यावर, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान भरपूर असतात, आणि त्या वेळी आपल्याकडच्या बायका स्कार्फ आणि सनकोट घालून दुचाकीवर असतात किंवा बंद काचेआड बसलेल्या असतात. तेव्हा रक्तातील ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्यावे.

गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा. त्यांनी कॅल्शियम कार्बोनेट दिले, तर ते जेवणाबरोबर घ्यावे, एका वेळी ५०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम नको. आणि आईंना थायरॉईडची गोळी चालू असेल, तर दोन्हींत किमान चार तासांचे अंतर ठेवावे.