टेट्रालॉजी की ट्रान्सपोझिशन : दोन्हीत बाळ निळंच, मग फरक कसा कळतो?

प्रश्न : बहिणीचं बाळ जन्मल्यावर काही तासांतच निळं पडलं. आधी टेट्रालॉजी असेल म्हणाले, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाल्यावर ट्रान्सपोझिशन निघालं, दोन्ही हृदयातले जन्मजात दोषच. एवढी गफलत कशी होते? शिवाय मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज, नाहीये असं सांगितलेलं, म्हणून आम्ही तर निवांत होतो.

उत्तर : गफलत नाही हो, अंदाज होता तो, इको झाल्याशिवाय पक्कं कोणीच सांगू नये. पण मर्मर नाही म्हणून निवांत राहिलात ना, तिथेच बरेच जण फसतात. टेट्रालॉजीत फुफ्फुसाकडे जायची वाट अरुंद असते, रक्त तिथून जोरात घुसतं आणि आवाज येतो, बहुतेकदा पहिल्या दिवसापासूनच. ट्रान्सपोझिशनमध्ये महाधमनी उजव्या कप्प्यातून निघते नि फुफ्फुसाची धमनी डाव्यातून, म्हणजे सरळ अदलाबदल, वाट अरुंद असेलच असं नाही, त्यामुळे स्टेथोस्कोप गप्प आणि बाळ मात्र जास्त धोक्यात! अशुद्ध रक्त अंगभर फिरत राहतं, शुद्ध रक्त फुफ्फुसातच घिरट्या घालतं, दोन्ही मिसळायला उरतात त्या जन्माआधीच्या वाटा, वरच्या कप्प्यांमधलं भोक आणि डक्टस, म्हणजे महाधमनी नि फुफ्फुसाची धमनी यांना जोडणारी नळी, आणि डक्टस तर पहिल्या दोनतीन दिवसांत मिटायला लागते. म्हणून हे बाळ लवकर निळं पडतं. टेट्रालॉजीतली बरीच बाळं सुरुवातीला गुलाबीच दिसतात, पुढे काही आठवड्यांनी-महिन्यांनी रडताना वगैरे निळी होतात, अर्थात वाट फारच चिंचोळी असेल तर तीही पहिल्याच दिवशी, म्हणून तो अंदाज काही अगदीच वेडगळ नव्हता.

एक्सरेत टेट्रालॉजीचं हृदय बुटासारखं, ट्रान्सपोझिशनचं अंड्यासारखं हे पुस्तकात असतं खरं, पण नवजात बाळात प्रत्येक वेळी दिसेलच असं नाही, मी त्यावर विसंबणार नाही.

संशय आला की इकोची वाट न बघता प्रोस्टाग्लँडिन या औषधाची ड्रिप लावतात, डक्टस उघडी राहावी म्हणून, ती दोन्हीत चालते. पुढे मात्र वाटा वेगळ्या. ट्रान्सपोझिशनमध्ये गरज पडली तर फुग्याने वरचं भोक मोठं करतात नि स्विच ऑपरेशन, म्हणजे दोन्ही धमन्या परत आपापल्या जागी जोडणं, सहसा पहिल्या काही आठवड्यांतच, टेट्रालॉजीत बऱ्याचदा काही महिने थांबता येतं. त्यामुळे स्विचची तारीख कधीची धरलीय, हे बहिणीने आजच विचारावं.