दक्षिण सैबेरियातल्या तुवाचे गायक एकाच गळ्यातून एका वेळी दोन सूर कसे काढतात? हे घरी शिकता येईल का?

व्हिडिओ पाहून तुम्ही विचारलंय की हे खरं आहे की रेकॉर्डिंगची करामत. खरं आहे, मोकळ्या माळावर माइकशिवायही हे असंच ऐकू येतं. पण मी लिहायला बसलो ते खालच्या शेऱ्यामुळे: "हे गाणं नव्हे, गळ्याची कसरत." आमच्याकडच्या मैफलींना जाणाऱ्या मंडळींच्या तोंडून हे वाक्य मी कित्येक वर्षं ऐकतोय. ते बोलणाऱ्यांनी तानपुरा लक्ष देऊन ऐकलेला नसतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तानपुऱ्याची खर्जाची तार एकटी छेडा. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला मिळणारी झणझण, चांगली लागली असेल तर तिच्यातून गंधार वर येतो. तो कुणी मिळवलेला नसतो. तार पूर्ण लांबीने हलते, तशीच अर्ध्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शांतही हलते, आणि पाचव्या हिश्शाचा स्वर म्हणजे हा गंधार. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा अशाच वरच्या स्वरांना उठाव देतो. गळ्याचंही तेच. तुम्ही सा लावलात की दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर, म्हणजे हार्मोनिक, त्यात आधीच हजर असतात. एरवी त्यांच्या कमीजास्त जोरावरून आपण फक्त 'आ' की 'ई' एवढं ओळखतो. तुवाचा गायक त्यांतला एक निवडून इतरांच्या वर काढतो. या गायकीला तिथे खोमेई म्हणतात.

आता हिशेब. सा पांढरी दोनच्या आसपास, म्हणजे साधारण १५० हर्ट्झवर धरा. सहावा हार्मोनिक ९०० वर, तो पंचम. आठवा १२०० वर, सा. नववा १३५०, रिषभ. दहावा १५००, गंधार. बारावा १८००, पुन्हा पंचम. मधला सातवा कोमल निषादाहून उतरलेला असतो आणि अकरावा शुद्ध व तीव्र मध्यमाच्या अधेमधे पडतो. हे दोन्ही गळ्यात असतात, तरी तुवाचे गायक चाल गाताना ते सहसा गाळतात. उरतात प सा रे ग प, भूपाच्या अगदी शेजारचे, फक्त धैवत नाही. कोणते स्वर घ्यायचे आणि कोणते वर्ज्य करायचे हे ठरवून जो गातो, त्याला कसरत करणारा कसं म्हणायचं?

एका जाणकार समजल्या जाणाऱ्या गृहस्थांनी तर पेटीवर ताडून सांगितलं होतं की यांचा गंधार बेसूर आहे. पेटीवर सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले तर गंधार ४०० वर असतो, दहाव्या हार्मोनिकचा येतो ३८६ वर. म्हणजे १४ सेंटांचा फरक, आणि तो तानपुऱ्याच्या गंधारातही नेमका तेवढाच आहे. मग बेसूर कोण? ज्याला हा फरक ऐकू येत नाही त्याने आधी महिनाभर पेटी बंद ठेवून तानपुऱ्यासमोर बसावं.

तोंडात काय घडतं ते सांगतो. स्वरतंतू नेहमीपेक्षा घट्ट मिटतात, त्यामुळे वरच्या हार्मोनिकना बळ मिळतं. मग जीभ आणि घशाच्या आकाराने तोंडाच्या पोकळीतले दोन अनुनाद (जिथल्या कंपनांना आपोआप जोर मिळतो त्या जागा), दुसरा आणि तिसरा, एकमेकांजवळ आणले जातात. ते एकत्र आले की १००० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला एकच हार्मोनिक शिट्टीसारखा उठतो. ह्यून-ह्युर-तू या तुवाच्या गटाच्या गायकांवर झालेल्या २०२० सालच्या अभ्यासात हेच मोजून दाखवलं आहे.

शिकायचं तर सिगित, म्हणजे शिट्टीसारखा सूर काढणाऱ्या शैलीची जीभ आधी पकडा. पुरुषांनी १३० ते १६० हर्ट्झमधला एक सूर तानपुऱ्यावर लावून ठेवावा. आधी आवाज न काढता, कुजबुजत 'ऊ' पासून 'ई' पर्यंत अगदी सावकाश जा. वर चढणारी जी सळसळ ऐकू येते, तोच तुमचा अनुनाद. मग सूर लावून तेच करा, एका श्वासात एकदाच. त्यानंतर 'ल' म्हणताना टेकते तिथे जिभेचं टोक ठेवा, कडा वरच्या दाढांना चिकटवा आणि एका बाजूला दाढांपाशी बारीक फट सोडा. ओठ थोडे गोल. टोक न हलवता जिभेचा मागचा भाग पुढेमागे सरकवा. लादीच्या न्हाणीघरात शिट्टी लवकर सापडते. मोबाइलवर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनांचं चित्र, दाखवणारं एखादं ॲप लावलंत तर आडव्या रेघांतली एक ठळक होताना दिसेल.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, नाकातून हवा जाते. गाताना नाक चिमटीत धरा, आवाज बदलला तर गळती आहे, आणि गळती असेल तर शिट्टी पुसट होते. दुसरं, वरचा स्वर हलवताना खालचा सा सरकतो, म्हणून तानपुरा बंद करायचा नाही. तिसरं, जीभ झपाट्याने फिरते आणि मधले हार्मोनिक निसटून जातात. प्रत्येकावर थांबता यायला हवं. मोरचंग (तोंडाशी धरून धातूची पट्टी छेडून वाजवायचं छोटं वाद्य) मिळालं तर जरूर घ्या. त्यातही पट्टीचा सूर एकच असतो आणि तोंडाच्या आकाराने हार्मोनिक निवडावा लागतो. तुवात त्याच जातीचं खोमुस वाजवतात.

कारगिरा, म्हणजे तो खोल घरघरता आवाज, सुरुवातीला नको. त्यात स्वरतंतूंच्या वरचे खोटे स्वरतंतूही हलतात, दर दुसऱ्या कंपनाला एकदा, म्हणून सूर एक सप्तक खाली ऐकू येतो. जोर लावून तो निघत नाही, नुसता घसा सोलवटतो.

ऐकायला तुवाचे गायक कोंगर-ओल ओंदार आणि ह्यून-ह्युर-तू यांच्यापासून सुरुवात करा. बोरबांगनादिर शैलीत वाहत्या पाण्यासारखी थरथर आणि एझेंगिलेर शैलीत घोडदौडीतल्या रिकिबीचा ठेका ओळखता आला की मग मंगोलियाकडे वळा. तिथल्या याच गायकीला, म्हणजे खूमीला, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. दक्षिण आफ्रिकेत खोसा बायकाही असं गातात. इनुइट बायकांचं कंठगायन मात्र यात मिसळू नका. तो दोघींनी समोरासमोर उभं राहून खेळायचा श्वासाचा खेळ आहे, त्यात हार्मोनिकची चाल नसते.

बायकांना हे जमत नाही, असंही कुणी सांगेल. तुवात बायकांनी गाऊ नये असा समज होता, पण तिथल्या बायकांचा तिवा किझी हा गट १९९८ पासून गातोय. अडचण हिशेबाची आहे. सा ३०० हर्ट्झवर असेल तर २००० च्या आत जेमतेम सा, ग, प एवढेच येतात. म्हणून शक्य तितका खालचा सूर धरायचा.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. सुरुवातीला दिवसाला दहा मिनिटं पुरेत. दुखलं, खोकला आला किंवा दुसऱ्या दिवशी आवाज बसला तर थांबा. ॲसिडिटीने घसा जळत असेल किंवा स्वरतंतूंवर गाठ निघालेली असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नका. शास्त्रीय गाणं शिकत असाल तर हा सराव रियाजाच्या आधी नको, नंतर करा. घट्ट मिटलेल्या स्वरतंतूंनी लगेच 'आ'कार लावायला गेलात तर तो मोकळा लागत नाही.