मुंबईजवळ तिबोटी खंड्या कसा बघायचा? उडताना तर दिसतच नाही!

उडताना नाहीच दिसणार. झाडीतून, ओढ्याला धरून, अगदी खालून सुसाट जातो. आपल्याला जांभळट-केशरी रेघ तेवढी कळते. जेमतेम १३ सेंटिमीटरचा, चिमणीहून लहान जीव. पायाला बोटं तीनच, म्हणून तिबोटी.

पावसाळ्यात जा, जून ते सप्टेंबर. तेव्हा तो आपल्याकडे विणीला असतो. पनवेलच्या पुढे गोवा हायवेवरचं कर्नाळा पक्षी अभयारण्य बरं. सकाळी लवकर पोचा. डोळ्यांआधी कान लावा: बारीक, टोकदार ‘चीऽ’ अशी शिट्टी आली की जागीच थांबायचं. मग पाण्यावर वाकलेल्या फांद्या, वेली दुर्बिणीने चाळायच्या. त्याच त्या फांदीवर तो पुन्हा येऊन बसतो. चोचीत सापसुरळी किंवा खेकडा असेल तर आधी दणादण आपटतो, तेव्हा मस्त निवांत बघता येतो.

आणि हो, चोचीत भक्ष्य घेऊन नुसताच ताटकळत बसलाय, खाली उतरत नाहीये, तर समजा जवळच्या मातीच्या दरडीत बिळात पिल्लं आहेत आणि मध्ये तुम्ही उभे आहात. फोटो राहू दे, मागे सरका. रेनकोट मात्र पिवळाधमक नको.